साक्षीचं साहित्य: परदेशी गेलेल्या वऱ्हाडी ख्रिस्ती मंडळींसाठी प्राथमिक मार्गदर्शिका

ही मार्गदर्शिका कोणासाठी

अकोला, अमरावती, वाशीम, बुलडाणा किंवा यवतमाळातून परदेशी गेलेल्या, तिकडे बऱ्यापैकी रुळलेल्या आणि येत्या नाताळाला घरी येणार असलेल्या ख्रिस्ती तरुण-तरुणींसाठी ही मार्गदर्शिका आहे. घरी आल्यावरच्या पहिल्या रविवारी काय होणार, हे तुम्हाला ठाऊक आहे. सूचना वाचून झाल्या की पाळकसाहेब चष्म्यावरून तुमच्या बाकाकडे बघतील आणि म्हणतील, आपली बहीण परदेशातून आली आहे, ती दोन शब्द साक्ष देईल. या हुकमावर वऱ्हाडात अपील नाही. घसा बसलाय म्हणालात तर कोमट पाणी येतं.

साक्ष म्हणजे प्रभूनं आपल्यासाठी काय केलं ते चारचौघांत सांगणं. गावातल्या माणसाला ते सोपं जातं: ताप उतरला, पोराला नोकरी लागली, हरवलेली म्हैस सापडली. परदेशातून आलेल्याकडून मात्र मंडळीची अपेक्षा वाढीव असते. तिकडच्या रोजच्या जगण्यातून काढलेला, घरी जाऊन पोराबाळांना सांगता येईल असा एखादा आत्मिक धडा त्यांना हवा असतो. तो आयत्या वेळी सुचत नाही, वर्षभर साठवावा लागतो. प्रस्तुत लेखकाची पात्रता एवढीच, की तो अकोल्यात मागच्या बाकांवर बसून अशा साक्षी वर्षानुवर्षं ऐकत आला आहे, आणि त्यांतल्या फार थोड्या सोमवारपर्यंत टिकल्या आहेत.

सामान

मराठी पवित्र शास्त्र एक. हे तुम्ही नेणार नाही, ते माय बॅगेत घालेल. विमानाच्या वजनात बसत नाही म्हणून ती तुमचे बूट बाहेर काढेल, जवसाच्या चटणीची पुडी अर्धी करेल, पण शास्त्राला हात लावू देणार नाही. मोबाईलमध्ये ॲप आहे असं तिला सांगू नका. ॲपच्या स्तोत्रसंहितेत दुमडून ठेवलेली पाचशेची नोट सापडत नाही.

‘उपासना संगीत’ची एक प्रत. तिकडच्या चर्चमध्ये गिटार, ड्रम आणि पडद्यावर शब्द असतात. सहा महिन्यांनी अंघोळ करताना तुम्हाला पेटीवरचं जुनं भजन आठवेल आणि दुसऱ्या कडव्याला अडेल. तेव्हा कोणाला विचारणार?

एक वही. तिचा उपयोग पुढे येईल.

पायरी पहिली: बर्फाला हात लावू नये

पहिल्या हिवाळ्यात बर्फावरून धडा काढायला सक्त मनाई आहे. सगळे तोच काढतात. यशयाच्या पहिल्याच अध्यायात पापं बर्फासारखी पांढरी होण्याचं अभिवचन आहे आणि वऱ्हाडातून लंडनला नाहीतर टोरंटोला गेलेला प्रत्येक जण पहिला बर्फ पडताच तो अध्याय उघडतो, खिडकीतून फोटो काढतो आणि घरच्या ग्रुपवर टाकतो. खाली अकरा जण हात जोडतात. ज्या गावात मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो, तिथे पांढऱ्याची साक्ष द्यायला कापूस पुरेसा आहे. यशयालाही एका उपमेवर भागवता आलं नाही, त्यानं तिथेच लोकर घेतली आहे.

शिवाय दुसऱ्या दिवशी तोच बर्फ गाड्यांच्या चाकांखाली काळा चिखल होतो, हे साक्षीत कोणी सांगत नाही. सांगितलं तर धडा बदलावा लागेल. दुसऱ्या हिवाळ्यात पहाटेच्या शिफ्टला निघताना शेजारच्या म्हाताऱ्याच्या दारासमोरचा बर्फ तुम्ही फावड्यानं बाजूला केलात, तर बर्फावर बोलायला हरकत नाही. पण तोवर तुम्हाला बर्फावर बोलावंसं वाटणार नाही.

पायरी दुसरी: सांधा मारायला शिकणे

नवशिक्यानं आधी तंत्र समजून घ्यावं. प्रत्येक धड्याचे तीन भाग असतात. एक वस्तू, मग ‘तसंच आपल्याही आत्मिक जीवनात’ हा सांधा, आणि शेवटी वचन. मधला सांधा इतका मजबूत आहे की त्यानं जगातली कोणतीही वस्तू कोणत्याही वचनाला जोडता येते. विश्वास बसत नसेल तर घरीच करून पाहा. बसचा पास घ्या: पासाची मुदत संपते, तसंच आपल्याही आत्मिक जीवनात. धुलाई यंत्र घ्या: आत कितीही गरगर फिरलं तरी बाहेर येताना स्वच्छ, तसंच आपल्याही. सरकता जिना, पार्किंगचा दंड, मुदत संपलेलं दूध. एकदा हात बसला की माणूस दिवसाला सहज दहा धडे काढतो आणि त्याच्यासोबत कोणी जेवायला बसत नाही.

काही वस्तू मात्र झिजल्या आहेत. गाडीतला नकाशा, जो तुम्ही वळण चुकलात तरी न रागावता नवा रस्ता दाखवतो, तो वापरू नये. तो अकोल्याच्या व्यासपीठावर तुम्ही विमानात बसण्याआधीच वापरून झाला आहे. स्वयंचलित दरवाजाही नको, ठोका म्हणजे उघडेल या वचनाशी तो उघडच भांडतो. मार्चच्या शेवटच्या रविवारी ब्रिटनमध्ये घड्याळं एक तास पुढे जातात. त्या दिवशी तुम्ही चर्चला पोचाल तेव्हा शेवटची प्रार्थना चालू असेल. दहा कुमारींच्या दाखल्याला हा अनुभव छान चिकटतो, म्हणूनच टाळा. ऐकणाऱ्यांना फक्त तुम्ही उशिरा उठलात एवढंच कळतं.

आणि अमरावतीकरांना खास विनंती. 16 एप्रिल 2025 रोजी बेलोऱ्याच्या विमानतळावर मुंबईहून पहिलं प्रवासी विमान उतरलं, ते अलायन्स एअरचं. वऱ्हाडातल्या ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्सच्या मंडळीत कोणी या योगायोगातून धडा काढला नसेल, असं समजणं भाबडेपणाचं आहे. तुम्ही तो पुन्हा काढू नका.

आखातात गेलेल्यांचं प्रकरण थोडक्यात आटोपतो. तिकडे अनेक देशांत सुटी शुक्रवारी, म्हणून मुख्य उपासनाही शुक्रवारी. दुबईत 2022 पासून शनिवार-रविवार सुटी झाली, तर काहींना शुक्रवार सुटल्याचंच वाईट वाटलं. एकाच आवारात तासातासानं भाषा बदलते. मल्याळी मंडळी बाहेर पडते, तमिळ आत जाते, दारात चपलांची अदलाबदल होते. यात पेन्टेकॉस्टच्या दिवसाची आठवण न होणारा माणूस विरळा. होऊ द्या. पण चप्पल शोधून झाल्यावर.

थोडा इतिहास, जो नवशिक्यांनी वगळू नये

वऱ्हाडातून परदेशी गेलेली पहिली मोठी मंडळी म्हणजे कापसाच्या गाठी. अमेरिकेत 1861 ते 1865 यादवी युद्ध चाललं, तिकडचा कापूस अडला आणि लिव्हरपूलच्या बाजारात आपल्या कापसाला भाव आला. तिथले व्यापारी त्याला अमरावतीच्या नावावरून ‘ऊमरा’ म्हणत. गाठींकडून साक्षीची अपेक्षा कोणी केली नाही.

उलट दिशेनं माणसं आली. परदेशात बसून रोजच्या जगण्यातून धडे काढायचा उद्योग तुम्ही सुरू केलेला नाही. तो वऱ्हाडातच भरभराटीला आला, फक्त तेव्हा परदेश म्हणजे अकोला होतं. जेनी फ्रो नावाची अमेरिकन तरुणी 1870 च्या दशकात हिंदुस्थानात आली, मार्कस फुलर यांच्याशी तिचं लग्न झालं आणि दोघांनी अकोल्यात बस्तान मांडलं. न्यूयॉर्कच्या ए. बी. सिम्पसन यांनी 1887 मध्ये जी चळवळ सुरू केली, जिला आपण आज ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स म्हणून ओळखतो, तिच्यात ही दोघं पुढे सामील झाली. जेनीबाईंचं ‘द राँग्स ऑफ इंडियन वुमनहुड’ हे पुस्तक 1900 मध्ये निघालं, त्याला प्रस्तावना पंडिता रमाबाईंची. त्यांच्या मागे हेलन डायर यांनी त्यांचं चरित्र लिहिलं, त्याच्या नावातच ‘अकोला आणि मुंबईच्या मिसेस जेनी फुलर’ असा उल्लेख आहे. पुस्तकाच्या नावात अकोला येण्याचे योग तेव्हाही थोडे होते, आताही थोडेच आहेत.

या मंडळींनी अकोल्याचा उन्हाळा आपल्यासारखाच सोसला, आणि पंखा नसताना सोसला. ज्या अन्यायांविषयी जेनीबाईंनी लिहिलं ते खरे होते. बालविधवांचे हाल काही मिशनऱ्यांच्या कल्पनेतून निघाले नव्हते. पण एकोणिसाव्या शतकातल्या मिशनरी मासिकांचा एक ठरलेला बाज होता. बैलगाडी, वाळवी, आटलेली विहीर, डोक्यावर घागर घेतलेली बाई; प्रत्येकीपुढे एक सांधा, पुढे एक वचन आणि सगळ्यात शेवटी वर्गणीचं आवाहन. तिकडच्या थंड गावातली मंडळी ती वाचून हळहळत असे. त्या पानांत आपले पणजोबा-पणजी ‘इथले लोक’ म्हणून येतात. त्यांना नाव नसतं. आपण कोणाच्या तरी रविवारच्या धड्यात आहोत, हे त्या घागरवालीला कधी कळलं नाही. तिला विचारलं असतं तर विहिरीच्या दोराविषयी तिचंही काही म्हणणं असतं.

हे एवढ्यासाठी सांगितलं, की आता लिहायची पाळी तुमची आहे. आणि तुमच्याही साक्षीत ‘तिकडचे लोक’ येणार आहेत. मी ऐकलेल्या परदेशी साक्षींपैकी बहुतेकींत एक एकटी म्हातारी असते. तिची मुलं लांब राहतात, नाताळाला फक्त कार्ड पाठवतात, तिचं कुत्र्यावर फार प्रेम असतं. सांधा: बघा, पैसा आहे पण प्रेम नाही. अकोल्यातली सगळी डोकी एका लयीत हलतात आणि प्रत्येक जण आपली माय आपल्याच घरी आहे याबद्दल देवाचे आभार मानतो. ती माय दुपारी एकटीच जेवते, हे त्या घटकेला कोणाच्या लक्षात राहत नाही.

म्हणून नियम, आणि या पुस्तिकेत नियम म्हणावा असा हा एकच आहे: ज्या माणसावरून धडा काढलात त्याला तो आधी ऐकवा. त्या आजींच्या घरी चहाला जा, बिस्किटं घ्या आणि सांगा, आजी, मी तुमच्याविषयी आमच्या गावच्या चर्चमध्ये असं असं बोलणार आहे. सांगताना जीभ अडखळली तर तो धडा वहीतून खोडा. अडखळली नाही तर त्या आणखी काहीतरी सांगतील, आणि बहुधा तुमचा धडा त्यानं मोडेल. मोडलेला धडा आणा, चालेल.

‘तिकडचे लोक’ येशूच्या गोष्टीतही येतात. शोमरोन्याच्या दाखल्यात जखमी माणसाला उचलणारा आपल्यांतला नव्हता, हे ऐकणाऱ्यांच्या अंगावर यावं म्हणूनच येशूनं ती गोष्ट तशी रचली. असा परका भेटायला अमरावतीकरांना परदेशी जायचीही गरज नव्हती. डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी कुष्ठरुग्णांसाठी उभं केलेलं तपोवन गावातच आहे, आणि पटवर्धन आपल्या मंडळीतले नव्हते. हा दाखला अमरावतीत सांगताना तपोवनाचं नाव किती वेळा घेतलं जातं, ते तुम्हीच मोजा.

आदर्श विद्यार्थिनी

परदेशात राहून ख्रिस्ती विश्वास कसा शिकावा याचा मराठीतला सगळ्यात चांगला नमुना तुमच्याआधी सुमारे एकशे चाळीस वर्षं घडून गेला आहे. पंडिता रमाबाई 1883 मध्ये लहानग्या मुलीला, मनोरमेला, घेऊन इंग्लंडला गेल्या, वाँटेजच्या सेंट मेरीच्या भगिनींकडे राहिल्या आणि त्याच वर्षी 29 सप्टेंबरला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. बाप्तिस्म्यामागची गोष्ट त्यांनी स्वतः पुढे लिहून ठेवली आहे. भगिनींनी त्यांना लंडनमधल्या फुलहॅम इथला आश्रम दाखवला. समाजानं टाकून दिलेल्या बायकांना तिथे माणसासारखं वागवलं जात होतं. रमाबाईंनी कारण विचारलं, तेव्हा त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातली विहिरीवरची शोमरोनी बाई वाचायला दिली गेली. आधी त्यांनी काम पाहिलं, मग प्रश्न विचारला आणि वचन सगळ्यांत शेवटी आलं. आपल्या तीन भागांच्या तंत्राशी ताडून पाहा. सांधा कुठेच नाही.

आणि मग त्या गप्प बसल्या का? वाँटेजच्या भगिनी जेराल्डिन यांना लिहिलेली त्यांची पत्रं छापलेली आहेत. रमाबाई तिकडे शाकाहारीच राहिल्या. गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन अक्षरं असावीत म्हटल्यावर त्यांनी विचारलं, आमच्या संस्कृतपेक्षा लॅटिनमध्ये असं काय अधिक आहे. चेल्टनहॅमच्या महाविद्यालयात त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांनाही शिकवावं का, यावर हिंदुस्थानातले बिशप काळजीत पडले, तेव्हा बिशपांनाही उत्तर मिळालं. 1886 मध्ये आनंदीबाई जोश्यांच्या पदवीदानासाठी त्या फिलाडेल्फियाला गेल्या आणि अमेरिकेवर 1889 मध्ये मराठीत अख्खं पुस्तक लिहिलं: तिथलं राज्य, शाळा, बायकांच्या संस्था, आणि काळ्या माणसांना मिळणारी वागणूकही.

तात्पर्य काढायचा मोह होईल. नवशिक्यांसाठी एवढंच: वहीच्या एका पानावर तिकडे काय शिकलात ते लिहा, समोरच्या पानावर कशाला नाही म्हणालात ते. दुसरं पान कोरं राहिलं असेल तर पहिल्यावर फार विसंबू नये.

परिचारिकांसाठी

वाशीमचं रेनॉल्ड्स मेमोरियल हॉस्पिटल ठाऊक नसलेला वऱ्हाडी ख्रिस्ती सापडणार नाही. नाझरीन मंडळीच्या डॉ. ऑर्फा स्पायचर 1936 मध्ये समुद्र ओलांडून आल्या आणि त्यांनी ते उभं केलं. त्याच्यासोबत परिचारिकांचं शिक्षण आलं, आणि आपल्या कितीतरी घरांत पहिला पांढरा गणवेश. तेव्हा परक्या मुलखातून आलेली बाई वाशीमच्या आजाऱ्याचा पू आणि रक्त पुसत होती. आता वऱ्हाडातली पोरगी मँचेस्टरच्या आजोबांची चादर बदलते, रात्री तीन वाजता, त्यांना ती कोण हे आठवत नसताना. त्या कामाला सेवा म्हणत, या कामाला शिफ्ट म्हणतात, आणि महिन्याअखेर पगाराची स्लिप येते, त्यामुळे यात सांगण्यासारखं काही आहे असं या मुलींना वाटत नाही. त्या व्यासपीठावर येतात आणि बर्फावर बोलतात.

परिचारिका बहिणींना कळकळीची विनंती: चादरीवर बोला. मागच्या बाकावरची माणसं सरसावून बसतील. पगाराचा आकडा मात्र सांगू नका. तो त्यांनी आधीच काढलेला आहे.

पायरी तिसरी: उधळ्या पुत्र नीट वाचणे

लूकच्या पंधराव्या अध्यायातला धाकटा मुलगा प्रत्येक परदेशी गेलेल्याला आपलासा वाटतो. दूर देश, एकटेपण, मग घराची आठवण. विमानतळावर बाबा पुढे आले, मिठी मारली, डोळे भरले. इथपर्यंत दाखला अगदी बेतून शिवल्यासारखा बसतो. घरी बोकडाचं मटण असतं. वासराची जागा बोकडानं घेतली, एवढाच फरक.

पण दाखल्यात आणखी एक जण आहे, आणि साक्ष देणारे त्याला नेहमी वगळतात. थोरला शेतातून येतो, वाजंत्री ऐकतो, आत यायला तयार होत नाही. आता अकोल्याकडे बघा. थोरला भाऊ बार्शीटाकळीकडची चार एकर करतो. बाबांचं पथ्य, मायचं गुडघ्याचं ऑपरेशन, लाईटबिल, छपराची गळती, चुलत्याशी बांधावरून चाललेलं भांडण हे सगळं त्याच्याकडे आहे. तुम्ही पैसे पाठवता, हे खरं, आणि दाखल्यातला धाकटा पाठवत नव्हता. पण पैसे बँकेत येतात, बाबांना धरून संडासात नेणारा हात मोबाईलवरून येत नाही. तुमच्या स्वागताच्या दिवशी चुलीपाशी घाम पुसणारी वहिनी असते. तुम्ही आणलेला चॉकलेटचा डबा तिच्या हातात पडतो तो रिकामा, मसाले ठेवायला.

दाखला कुठे थांबतो ते पाहा. बाप बाहेर येऊन थोरल्याची समजूत घालतो, आणि गोष्ट संपते. थोरला आत गेला की नाही, हे लूकनं लिहिलेलं नाही. ती ओळ प्रत्येक घरात वेगळी लिहिली जाते आणि तुमच्या घरात ती लिहायला दाखल्यातल्यासारखं बापालाच उठून जावं लागू नये. बाबांचे आता पाय दुखतात. तुम्ही उठा. भाऊ गोठ्यात असेल.

ही पायरी परदेशात करता येत नाही. म्हणून तिच्यासाठी वहीत जागा सोडलेली नाही.

शेतकऱ्यांसमोर बोलताना

मत्तयाच्या तेराव्या अध्यायातला पेरणारा हा वऱ्हाडात धोक्याचा विषय आहे. तिकडच्या बागेत चार ट्यूलिप लावून आलेल्यानं त्यावर बोलू नये. येशूच्या मुलखात बी मुठीनं फेकून पेरत, म्हणून काही वाटेवर पडलं, काही खडकावर, काही काट्यांत. आपल्याकडे तिफण आहे, कापूस तर टोकून लावतात. दाणा वाटेवर पडू देणाऱ्याला घरचे शेतावर पाठवत नाहीत. हे आधी सांगितलं नाही, तर संदेशानंतर एखादा काका तुम्हाला गाठून विचारेल, ‘बियाण्याची थैली केवढ्याले येते, मालूम हाय काय?’ ज्यानं पाऊस दगा देऊन गेल्यावर दुबार पेरणी केली आहे, ज्यानं 2017 मध्ये गुलाबी बोंडअळीनं पोखरलेली बोंडं हातात घेऊन पाहिली आहेत, त्याला चांगल्या जमिनीतही पीक बुडतं हे माहीत आहे. तरी तो मृगात पुन्हा तिफण काढतो. या दाखल्यावर त्यालाच बोलू द्यावं आणि तुम्ही खाली बसून ऐकावं. साक्षीची दिशा कधीमधी उलटी झाली तर चर्च पडत नाही.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

एकटेपणावर कोणतं वचन? वचनं भरपूर आहेत, माय रोज सकाळी पाठवतेच. यिर्मयानं बाबेलात नेलेल्या लोकांना पत्र लिहिलं, त्यात घरं बांधा, मळे लावा, लग्नं करा आणि त्या शहराचं भलं पाहा असा व्यवहारी सल्ला आहे. त्याची सुरुवात खिडकीतल्या कुंडीत सांबार लावून होऊ शकते. (सांबार म्हणजे कोथिंबीर. पुण्याच्या वाचकांनी घाबरू नये.) उगवला की वरच्या मजल्यावर देऊन या. वरचा माणूस कोण, हे तेवढ्यानं कळतं.

तिकडच्या चर्चमध्ये दहा म्हातारी माणसं असतात, उत्साह वाटत नाही. मग? अकरावे तुम्ही. खुर्च्या लावायला लागा.

विश्वासच डळमळला तर साक्षीत काय सांगायचं? तेच सांगा. मंडळीला ते बर्फापेक्षा बरं वाटेल. पाळकसाहेब थोडे बेचैन होतील, पण स्तोत्रसंहिता त्यांनीही वाचलेली आहे आणि तिच्यात निम्मी तक्रारच आहे.

वर्षभरात एकही धडा सापडला नाही, तर? उभे राहा, सगळ्यांना सलाम सांगा, ‘उपासना संगीत’मधलं एक भजन म्हणा, खाली बसा. या प्रकारच्या साक्षीला आजवर कोणी जांभई दिलेली माझ्या पाहण्यात नाही.

प्रत्यक्ष साक्षीच्या दिवशी

मराठीत बोला, शक्यतो घरच्या मराठीत. बोलताना ‘आमच्याकडे’ हा शब्द लंडनसाठी वापरू नका, आजी दुखावतात. फोटो दाखवायला मोबाईल फिरवू नका, तो तिसऱ्या बाकावरून परत येत नाही. सात मिनिटांत आटपा, कारण तुमच्यामागे शब्बाथ शाळेच्या पोरांची नाताळची नाटिका आहे आणि मेंढपाळांच्या दाढ्या डिंकानं चिकटवलेल्या आहेत, त्या फार वेळ टिकत नाहीत. संपल्यावर लगेच निघू नका. ज्यांना दिवसभर कोणी ऐकत नाही अशी दोन-तीन माणसं दारापाशी थांबलेली असतात. त्यांचं ऐका, चहा निवला तरी चालेल.

तिकीट वेळेवर काढा. रेल्वेचं आरक्षण आता 60 दिवस आधी उघडतं, म्हणजे नाताळासाठी ऑक्टोबरचा शेवटचा आठवडा धरून ठेवावा लागतो. विदर्भ एक्सप्रेस मुंबईहून संध्याकाळी निघते आणि अकोल्याला उजाडायच्या आत पोचते. थंडी असते, भावाला स्टेशनवर बोलावू नका. ऑटो करून घरी या.